लॅपटॉपच्या दारातला राखणदार

बारामतीच्या हॉस्पिटलात काउंटरसमोरच्या रांगेनं माझी कविता ऐकली, तेव्हा ती पुरी व्हायचीच होती.

‘तुझ्या पोळीच्या वाफेत माझे चष्मे धूसर झाले,’ आक्कांनी आपल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरून खणखणीत आवाजात वाचलं आणि मान वर करून मला विचारलं, ‘डॉक्टर, चष्मे किती हायत तुमच्याकडं?’

रांग हसली. एका म्हाताऱ्यानं खोकताखोकता ‘वा’ म्हटलं. मी पण हसलो. हसण्यावाचून पर्याय काय होता? बायकोच्या वाढदिवसासाठी चार ओळी चोरून लॅपटॉपवर टाईप करून ठेवल्या होत्या आणि त्या इथे जाहीर वाचल्या जात होत्या.

आक्का म्हणजे हॉस्पिटलचं काउंटर. केसपेपर, रिपोर्ट, कोणत्या खाटेवर कोण, कुणाचा जावई भेटायला आला नाही, सगळं त्यांच्याकडे. मी रक्त-लघवी तपासणारा पॅथॉलॉजिस्ट. घर बारामतीत, पण आठवड्यातले काही दिवस बारामतीचं हॉस्पिटल, काही दिवस इंदापूरचं, असा एसटीनं फिरणारा. मांडीवर लॅपटॉप. वजनाला भरल्या कळशीएवढा. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि एसटीत लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याकडे लोक कोंबडी घेऊन बसणाऱ्यापेक्षा जास्त कुतूहलानं बघत.

माझा स्वतःचा प्रिंटर मेला होता, म्हणून मी जिथे जाई तिथल्या कॉम्प्युटरच्या वायरला लॅपटॉप जोडायचो. काउंटरवरचं मशीन माझ्या लॅपटॉपमध्ये शिरून रिपोर्ट उचलायचं आणि छापायचं. वायर घालणाऱ्यानं ‘सोपं पडंल’ म्हणून माझी अख्खी डिस्कच सगळ्यांना उघडी करून दिली होती. सोपं पडत होतं खरं. आक्का रिपोर्ट शोधताना शेजारच्या कप्प्यात शिरल्या आणि कविता सापडली.

हसता हसता मला एकदम आठवलं. कवितेच्या कप्प्याला लागूनच रिपोर्टांचा कप्पा होता. तो आक्कांनी अजून उघडायचा होता.

आदल्या दिवशी इंदापूरला एक शिक्षिका आल्या होत्या. अंथुर्णे गावच्या. लग्न ठरलेलं, साखरपुडा झालेला. खोकला जाता जात नव्हता. थुंकीची काच मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. क्षय. तिथल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या, बरा होणारा आजार आहे हे मीही समजावलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘सर, रविवारी ते येणार आहेत. मी त्यांना माझ्या तोंडानं सांगणार आहे. त्याआधी दुसऱ्या कुणाच्या तोंडून गेलं, तर मग ते मी सांगितलेलं राहणार नाही, लपवलेलं होईल. त्यांच्या आत्या बारामतीच्या हॉस्पिटलात काउंटरवर असतात.’

आत्या म्हणजे आक्का.

मी शब्द दिला. शब्द द्यायला मी फार पटकन देतो, हे बायकोला विचारा.

आता रिपोर्टांचा प्रोग्राम मी हौसेनं स्वतःच लिहिला होता. सगळ्या गावांचे सगळे पेशंट एकाच फाईलीत, गावाच्या नावाप्रमाणे. उघडली की सगळ्यात वर कोणतं गाव येणार? अंथुर्णे. आणि त्यातलं एखादं नाव काढलं की खालचे सगळे नंबर सरकायचे. एकदा काढून बघितलं होतं, तर एका पैलवानाच्या रिपोर्टात गर्भ असल्याचं आलं.

‘आक्का,’ मी म्हटलं, ‘आज प्रिंट नको. हातानं लिहून देतो.’ आणि लॅपटॉप मिटला.

‘का हो? लाजलात व्हय?’

‘हो,’ मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

हातानं लिहिलेल्या रिपोर्टांचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. माझं अक्षर डॉक्टरचं. सर्जनसाहेबांनी पांढऱ्या पेशींच्या अकरा हजारांचं सतरा हजार वाचलं, ऑपरेशनच्या टेबलावरून बाई खाली उतरवायची वेळ आली आणि त्यांनी वॉर्डात सगळ्यांसमोर मला सांगितलं, ‘पुन्हा हातानं लिहिलेला कागद आणलास तर तुझीच सुंता करीन.’ म्हणजे तो रस्ता बंद.

त्याच दुपारी मी मित्राकडे गेलो. मित्र बारामतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. आम्ही एका बाकावरचे. नाव-गाव न सांगता त्याला एवढंच म्हटलं, लॅपटॉपमधलं एक माहितीचं पान बाहेर जाता कामा नये.

‘मग शेअरिंग बंद कर. एक खूण काढायची असते.’

‘इंदापूरच्या डॉक्टरांना तेच लागतं. तिथं चालू, इथं बंद, घरी फोनवरून इंटरनेट लावलं की पुन्हा बंद.’

‘मग करत जा चालू-बंद.’

ते माझ्या लक्षात राहणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. गेल्या दिवाळीत मी त्याच्या दारात स्कूटर विसरून चालत घरी गेलो होतो.

‘पासवर्ड टाकू?’

‘ज्यांनी छापायचं त्यांना सांगावा लागेल. आणि त्यांच्यापासूनच तर जपायचंय.’

‘मग तुला फायरवॉल पाहिजे,’ तो म्हणाला. ‘दारात बसणारा राखणदार. तू विसरलास तरी तो विसरत नाही.’

मासिकाबरोबर आलेल्या एका सीडीवर त्याच्याकडे असे तीन राखणदार होते. पहिला टाकला. तो काय, तालमीतला मल्ल! येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची झडती घेणार, वहीत नोंद करणार, रंगीत आलेख काढणार. माझ्या लॅपटॉपची मेमरी बेताची. त्यानं एवढी जागा घेतली की माझा स्वतःचा प्रोग्राम उघडेना. वाळूचं घड्याळ पडद्यावर उलटत राहिलं, मित्रानं मधेच चहा केला, आम्ही तो प्यायलो, घड्याळ तिथंच. ‘हा दारात बसला की घरातल्यांनाच आत यायला वाट नाही,’ मी म्हटलं. काढला.

दुसरा अगदी हलका, पण त्याला सगळं आपण सांगायचं. कोणत्या दारातून कुणाला, कोणत्या नंबरच्या खिडकीतून काय. मित्रानं मोठ्या उत्साहानं नियम लिहिले आणि विचारलं, ‘कळलं?’ मी मान हलवली. ‘मग आता इंदापूरसाठी तू लिही.’ मी लिहिलं. त्याबरोबर लॅपटॉपला खुद्द माझा माऊसही परका वाटायला लागला की काय कोण जाणे, सगळंच थिजलं. काढला.

तिसरा छोटासा. कोपऱ्यात एक चिमुकली ढाल, बाकी काही नाही. लॅपटॉप नव्या वायरला जोडला की तो इंग्रजीत एकच प्रश्न विचारायचा: हे नेटवर्क आपलं की परकं? आपलं म्हटलं की दार उघडं. परकं म्हटलं की बाहेरच्यानं आत यायचं नाही, पण आपण बाहेर जाऊन त्यांच्या प्रिंटरवर छापून यायचं. आणि दिलेलं उत्तर तो कायमचं लक्षात ठेवायचा.

मित्र शेजारच्या मशीनवर बसला आणि माझ्या लॅपटॉपमध्ये शिरायचा प्रयत्न करू लागला. आपलं: लगेच शिरला, आणि कविता वाचून ‘चष्मे?’ म्हणाला. परकं: नुसताच खटखट करत राहिला. त्याचा चेहरा बघून माझा जीव थोडा भांड्यात पडला.

‘हाच,’ मी म्हटलं.

‘हलका आहे आणि सोपा आहे,’ मित्र म्हणाला. ‘फक्त उत्तर नीट दे.’

त्यात काय अवघड, असं मला वाटलं.

गुरुवारी इंदापूर. तिथले डॉक्टर वयानं मोठे, सगळे त्यांना तात्या म्हणत. मी वायर जोडली आणि प्रश्न आला तेव्हा तात्या माझ्या पाठीशी चहाची बशी धरून उभे होते.

‘काय इचारतंय ते?’

‘काही नाही तात्या. हे आपलं की परकं, असं विचारतंय.’

‘कोण? आमी?’

‘म्हणजे तुमचं नेटवर्क.’

तात्यांनी बशी टेबलावर ठेवली. ‘मग? त्यात इचारायचं काय? सांग की त्याला.’

ज्या माणसानं मला लॅबसाठी पहिली खोली दिली, ज्याच्या घरची भाकरी मी दर आठवड्याला खातो, तो पाठीशी उभा असताना ‘परकं’वर बोट कसं ठेवायचं? मी ‘आपलं’ दाबलं. तात्या म्हणाले, ‘आत्ता कसं!’ आणि बशीतला चहा मला दिला. तिथं बिघडत काही नव्हतं, तात्यांना तर सगळं ठाऊकच होतं. पण परतीच्या एसटीत माझ्या लक्षात आलं, की हा प्रश्न मला नेहमी कुणाच्या तरी समोरच विचारला जाणार. आणि आमच्याकडे जिथं चहा प्यायला ते परकं नसतं.

शुक्रवारी सकाळी मी मुद्दाम लवकर बारामतीच्या हॉस्पिटलात गेलो. आक्का यायच्या आत वायर जोडायची, ‘परकं’ दाबायचं, झालं. माझी जागा काउंटरच्या मागच्या खोलीत, वायरच्या शेवटच्या टोकाला. लॅपटॉप चालू व्हायला त्याचा वेळ घेत होता. मी त्याला मनातल्या मनात हाका मारत होतो. विंडो उघडली, ढाल आली, आणि दारातून आवाज आला, ‘आज लवकर? तोंड उघडा बघू.’

आक्कांच्या हातात पेढ्यांचा खोका होता. ‘भाच्याच्या साखरपुड्याचे. तुमी त्या दिवशी नव्हता. आमची सून मास्तरीण हाय, माहिताय का? अंथुर्ण्याची.’

माझ्या तोंडात पेढा आणि पडद्यावर प्रश्न. आक्का वाकल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत होतं, नाहीतर कविता शोधली कशी असती?

‘हे काय नवीन? आमच्यावर भरवसा हाय का इचारतंय?’

मी पेढा गिळला. खरं सांगतो, माझा विचार पक्का होता. बोट ‘परकं’कडेच निघालं होतं. पण आक्का दुसरा पेढा हातात धरून उभ्या होत्या, आणि बोटानं काय केलं ते बोटालाच ठाऊक. ‘आपलं.’

‘हां!’ आक्का म्हणाल्या, दुसरा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि काउंटरकडे गेल्या. ‘रिपोर्ट घेते काढून,’ जाता जाता म्हणाल्या.

मी उत्तर बदलायची जागा शोधू लागलो. ढालीवर माऊसची टिचकी मारली, एक पाटी आली, गेली. दोनदा टिचकी मारली, मदतीचं पान आलं, तेही इंग्रजीत, लांबच्या लांब. कोपऱ्यातली ढाल लुकलुकू लागली. म्हणजे कुणीतरी दारातून आत पाऊल टाकलं होतं. काउंटरवरून आक्कांच्या खुर्चीचा करकर आवाज. बोटांनी कळ दाबल्याचा टक्. आता रिपोर्टांचा कप्पा. आता फाईल. सगळ्यात वर अंथुर्णे.

मी वायर ओढली.

आता, त्या काळची ती काळी वायर एका मशीनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी जायची आणि शेवटच्या टोकाला एक छोटं टोपण असायचं. ते टोपण निघालं तर सगळ्याच मशीनांचं बोलणं बंद. मी घाईत नेमकं टोपणासकट उपटलं होतं.

‘आक्काऽ, कॉम्प्युटर गेला!’ औषधांच्या खिडकीतून ओरड आली. मग वरच्या मजल्यावरून. रांगेत कुरकुर सुरू झाली. मी हातात वायरचं टोक घेऊन उभा होतो, शेपूट हातात आलेल्या माणसासारखा, आणि आक्का दारात.

‘तुमी ओढली?’

‘हो.’

‘का?’

‘उघडली का फाईल?’ एवढंच बाहेर पडलं. ते विचारायला नको होतं.

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मघाचं हसू गेलं. ‘न्हाय. घड्याळच फिरत हुतं,’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘पण बघण्यासारखं काय तरी हाय म्हणा की.’

मी टोपण पुन्हा लावलं, पण लॅपटॉप बाहेर ठेवून. हॉस्पिटल बोलू लागलं. मग काउंटरवरच्या फोनवरून कॉलेज लावलं आणि मित्राला फोनवर बोलावलं. आक्का शेजारीच केसपेपर चाळत होत्या. एकच केसपेपर.

‘अरे, दिलेला शब्द परत कसा घ्यायचा?’ मी दबक्या आवाजात विचारलं.

‘कुणाला दिलास?’

‘समोरच आहेत.’

पलीकडे तो हसला असावा. ‘ढालीवर उजवी टिचकी. खालून दुसरी ओळ. आणि या वेळी उत्तर नीट दे.’

मी आत गेलो. आक्का पाठोपाठ आल्या. त्यांना ‘बाहेर थांबा’ म्हणता आलं असतं, पण आता तेही काहीतरी सांगून जाणार होतं. त्यांच्यासमोर ती ओळ उघडली. त्यांच्यासमोर ‘परकं’ दाबलं. पेढ्याची चव अजून जिभेवर होती. मग वायर जोडली. माझ्या बाजूनं रिपोर्ट पाठवले, काउंटरवरचा प्रिंटर खरखरला, कागद बाहेर आले. आक्कांनी जाऊन आपल्या मशीनवरून माझ्या दारावर टकटक करून बघितली. नाही उघडलं.

‘म्हंजे तुमी आमच्याकडं येणार,’ त्या म्हणाल्या, ‘आमी तुमच्याकडं न्हाय.’

त्या दिवशी चहा आला नाही. पेढ्यांचा खोका वॉर्डात फिरला, माझ्या दारावरून दोनदा गेला.

शनिवारी एका पेशंटचं रक्त घेऊन मी परत येत होतो, तेव्हा जिन्यात आक्कांनी गाठलं. कुणी नव्हतं.

‘डॉक्टर, एक इचारते. अंथुर्ण्याचं काय हाय का तुमच्या त्या पेटीत?’

मी हातातली रक्ताची नळी खिशात ठेवली.

‘साखरपुड्याला पोरगी खोकत हुती,’ त्या म्हणाल्या. आवाज हळू होता, आणि त्यात चहाटळपणा नव्हता, काळजी होती. तेच जास्त अवघड गेलं. चहाटळपणाला उत्तर देता येतं.

‘नाही’ म्हणालो असतो तर खोटं. गप्प राहिलो असतो तर खरं. मी म्हटलं, ‘आक्का, ह्या पेटीत कुणाचं काय आहे ते मी घरी बायकोलाही सांगत नाही. तुमचं रक्त मी तपासलं होतं, आठवतं? ते कुणाला कळलं?’

मागच्या वर्षी त्यांचं स्वतःचं काहीतरी होतं. काय, ते मी आताही सांगणार नाही.

‘न्हाय कळलं,’ त्या म्हणाल्या आणि खाली उतरून गेल्या. पटलं की राग आला, मला कळलं नाही. घरी बायकोनं विचारलं, ‘जेवत का नाही?’ मी म्हटलं, ‘पेढे जास्त झाले.’

रविवार मी कसा काढला ते विचारू नका. सकाळपासून मला दर मोटारसायकल आमच्या दारात थांबतेय असं वाटत होतं. आक्कांनी भावाला काही सांगितलं असेल का? मुलीला विचारलं असेल का? त्यांना माहिती काहीच नव्हती, पण संशय मी स्वतः वायर ओढून त्यांच्या हातात दिला होता. राखणदार निवडण्यात अख्खी दुपार घातली, आणि बोंब मारली ती मालकानंच.

संध्याकाळी एक मोटारसायकल खरोखर थांबली. शिक्षिका तोंडाला रुमाल बांधून, आणि बरोबर त्यांचा होणारा नवरा. उंचापुरा, घाबरलेला. बायकोनं दार उघडलं. मी आतून धावलो, पण माझ्या आधी त्या बाईच बोलल्या.

‘मला क्षय आहे, सरांनी तपासला,’ त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, उंबऱ्यावरच, एका दमात. ‘यांना आज सांगितलं. यांना तुम्हाला दोन प्रश्न विचारायचे आहेत, सर.’

त्याचे दोन नव्हते, बरेच होते. संसर्ग किती दिवस, मुलांचं पुढे काय, गोळ्या चुकल्या तर. मी सगळ्यांची उत्तरं दिली, आणि गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत हे दोनदा सांगितलं. लग्न पुढे ढकलायचं त्यांनी येतानाच ठरवलं होतं, कोर्स पुरा होईपर्यंत. त्यांच्या बोलण्यात ते इतकं सहज आलं की मीच भांबावलो.

निघताना त्यानं पिशवीतून एक पेढा काढला. कागदात गुंडाळलेला.

‘आत्यानं दिलाय. तिला आम्ही येतानाच सांगून आलो. रडली जरा. मग म्हणाली, डॉक्टरांना दे, परवा खोका त्यांच्या दारावरनं तसाच गेला हुता. आणि म्हणाली, वायर हळू ओढत जा म्हणावं.’

ती दोघं गेली. मी बायकोला सगळं सांगितलं, आता सांगायला हरकत नव्हती: रांगेनं ऐकलेली कविता, तात्यांची बशी, पेढा, ढाल, टोपण, जिना. ती भाजी निवडत ऐकत होती. मधेच एकदा फिस्सकन हसली. सगळं संपल्यावर म्हणाली, ‘त्या पोरीनं उंबऱ्यावर उभं राहून एका वाक्यात सांगितलं. आणि तुम्हाला नुसतं ‘नको’ म्हणायला तीन प्रोग्राम लागले.’ मग तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं आणि हात पुसले. ‘आता ती कविता काढा. बारामतीनं ऐकली, तुमच्या मित्रानं वाचली. मी काय परक्या नेटवर्कमध्ये आहे?’